कोंबडीला हळद लावण्याआधी : ब्रॉयलरच्या खाद्यात वनस्पती घालून मांसाचा दर्जा सुधारायचा तर

शेडच्या ओट्यावर ताडपत्री पसरून मी खाद्यात हळद मिसळत होतो. शेजारच्या मळ्यातले आप्पा बांधावरून आले, पिवळे झालेले माझे हात बघितले आणि म्हणाले, "कोंबड्यास्ले हयद? लगीन शे का काय भो?"

म्हटलं, चाळिसाव्या दिवशी वरातच निघणार आहे त्यांची, गाडीतून.

चेष्टा सोडा. पण गेल्या काही वर्षांत शिरपूर-चोपडा-शहादा पट्ट्यात नवीन शेड टाकणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतोच : हळद, लसूण, ओवा, शेवगा घातला तर कोंबडी लवकर वाढते का, मांस चांगलं होतं का, आणि दोन पैसे जास्त मिळतात का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. वजनासाठी घालत असाल तर फार आशा धरू नका. मांस टिकावं, खवट होऊ नये, पाणी कमी सोडावं यासाठी घालत असाल तर अर्थ आहे. तोही शेवटच्या तीन आठवड्यांत, आणि शेडमधला उकाडा आटोक्यात असेल तरच. आता कामाला लागू.

आधी कोंबडी कोणाची ते बघा

खानदेशात बहुतेक ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्या, करारावर चालतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं; शेड, पाणी, वीज आणि राबणं आपलं. लॉट, म्हणजे एका वेळी वाढवलेले सगळे पक्षी, गेला की किलोमागे ग्रोइंग चार्ज, म्हणजे वाढवण्याची मजुरी. तुम्ही या पद्धतीत असाल तर कंपनीच्या खाद्यात स्वतःच्या मनाने चमचाभरही काही टाकू नका. एफसीआर, म्हणजे किलोभर वजन वाढायला लागलेलं खाद्य, बिघडला, मरतूक झाली, तर सगळं खापर तुमच्या हळदीवर फुटेल आणि ते खोडून काढायला तुमच्याकडे काही नसेल. प्रयोग करायचाच असेल तर सुपरवायझरकडून लेखी घ्या. बहुतेक वेळा तो नाहीच म्हणेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

पिल्लं आणि खाद्य स्वतःचं असेल, स्वतःच कापून विकत असाल किंवा गावातल्या दोन-चार दुकानांना माल देत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. शंभर-दोनशे पक्ष्यांवर सुरुवात करणाऱ्यालाही चालेल, किंबहुना त्यालाच जास्त चालेल.

ही पूरकं आली कुठून

पूर्वी जगभर ब्रॉयलरच्या खाद्यात वाढीसाठी थोडं थोडं प्रतिजैविक घालायची पद्धत होती. जंतूंना त्याची सवय होऊन माणसांची औषधं निकामी व्हायला लागली, तसं युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविकं पूर्ण बंद केली. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना ते आता देता येत नाही. मग मोकळ्या झालेल्या जागेत मसाल्याचा डबा शिरला. ओव्यातला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्वाक्रॉल, दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतला युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन, लसणातलं अ‍ॅलिसिन. ही द्रव्यं झाड स्वतःच्या बचावासाठी बनवतं. बुरशी, जंतू, किडे यांच्याशी झगडायला. काचेच्या बशीत ती जंतू मारतात हे खरं. पण कोंबडीच्या आतड्यात, किलोभर खाद्यात पाच ग्रॅम मिसळून, तितकाच परिणाम होईल असं नाही. दुकानदार तुम्हाला बशीतला निकाल सांगतो आणि आतड्याचे पैसे घेतो.

वजनाच्या बाबतीत निकाल असे दोन्हीकडे झुकतात. स्वच्छ शेड, कमी गर्दी, चांगलं खाद्य असेल तर फरक दिसतच नाही, कारण सुधारायला जागाच नसते. मांसाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : चरबी खवट होण्याचा वेग कमी होतो.

मांसाचा दर्जा म्हणजे नेमकं काय

इथे जरा थांबू, कारण हे कळलं नाही तर पुढे काय मोजायचं तेच कळणार नाही.

एक, खवटपणा. कोंबडीच्या चरबीत असंतृप्त स्निग्धाम्लं बोकडाच्या चरबीपेक्षा जास्त असतात. त्यांच्यावर हवेतला ऑक्सिजन लवकर हल्ला करतो. तंगडीत चरबीही जास्त आणि लोहही जास्त, म्हणून छातीच्या आधी तंगडीला वास येतो. शिजवलेलं चिकन फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरम केल्यावर जो शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो हाच. कर्क्युमिन, थायमॉल वगैरे द्रव्यं या साखळीत मध्येच खोडा घालतात. काही थोडी मांसात उतरतात, काही कोंबडीच्या स्वतःच्या बचावयंत्रणेला हात देतात. हेच काम व्हिटॅमिन ई करतं, आणि ते जास्त खात्रीने करतं. मांस टिकवण्यासाठीच्या प्रयोगांत किलो खाद्याला २०० मिलिग्रॅमपर्यंत घालतात. म्हणून हळदीची तुलना नुसत्या साध्या खाद्याशी करू नका, व्हिटॅमिन ईच्या खर्चाशीही करा.

दोन, सामू (पीएच). मातीचा सामू आपण तपासतो तसा मांसाचाही असतो. जिवंत स्नायूचा ७ च्या आसपास. कापल्यावर स्नायूतल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि काही तासांत छातीचा सामू ५.७ ते ६ च्या दरम्यान येऊन थांबतो. कोंबडी कापण्याआधी उकाड्याने धापा टाकत असेल, पकडापकडीत फडफडली असेल, तर हे आम्ल मांस गरम असतानाच भराभर तयार होतं. प्रथिनं खराब होतात, पाणी धरत नाहीत. मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारं. पातेल्यात टाकलं की आकसतं. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "पाणी मारलंय का?" मारलेलं नसतं, ते तसंच झालेलं असतं.

तीन, रंग. आपल्याकडे पिवळसर कातडीची कोंबडी गावरानच्या जवळची वाटते. कातडीचा पिवळेपणा मुख्यतः पिवळ्या मक्यातून आणि झेंडूसारख्या फुलांतल्या ल्युटीनमधून येतो. हळदीने ताट पिवळं होतं, कोंबडीची कातडी तेवढी होत नाही. यात फसू नका.

उकाडा आधी, हळद नंतर

जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. चार आठवड्यांच्या पुढच्या ब्रॉयलरला बरं वाटतं ते वीस-चोवीस अंशांत. त्याला घाम येत नाही, धापा हाच त्याचा कूलर. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्ताचा तोल बिघडतो, पक्षी खाणं सोडतो. या अवस्थेत दहा वनस्पतींचा अर्क दिलात तरी मांस फिकटच होणार.

म्हणून एप्रिल ते जूनचा पहिला पाऊस, या काळात आधी हे : पत्र्यावर चुना किंवा तुराट्या-पाचटाचा थर, बाजूला ओलं गोणपाट, पंखे, फॉगर. पक्ष्याला सव्वा चौरस फूट जागा. सकाळी दहा ते दुपारी चार-पाच फीडर वर उचललेले, खाद्य पहाटे आणि रात्री. पाण्याची टाकी सावलीत, पाइप जमिनीखालून. उन्हात तापलेल्या पाइपचं पाणी हात लावून बघा, म्हणजे कळेल कोंबडी का पीत नाही ते. व्हिटॅमिन सी किंवा आवळा या दिवसांत उपयोगी पडतो. पण पंख्याची जागा तो घेत नाही.

हे झालं नसेल तर यंदा हळद राहू द्या. पंखा घ्या.

काय निवडायचं

नवख्याने एका वेळी एकच वनस्पती घ्यावी. पाच एकत्र घातल्या आणि फरक पडला, तर श्रेय कोणाचं? नाही पडला तर कोणी कोणाला मारलं?

माझी पहिली पसंती हळद. सहज मिळते, पक्षी नाक मुरडत नाहीत, किलो खाद्याला ५ ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का, ही बऱ्याच ठिकाणी वापरलेली सुरक्षित मात्रा आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं आणि ते आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. काळ्या मिरीतलं पायपेरिन ते शोषायला मदत करतं. मिरीचा भाव बघता मी तिच्या नादी लागलो नाही.

ओवा दुसरा. थायमॉलमुळे वासाला उग्र, म्हणून अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नका. ताजा दळा आणि आठ-दहा दिवसांत संपवा, नाहीतर तेल उडून जातं आणि उरतो तो नुसता भुसा. लसूण मुद्दाम तिसऱ्या नंबरला ठेवतो. अ‍ॅलिसिन पाकळीत तयार नसतं; पाकळी ठेचली की दोन द्रव्यं भेटतात आणि मग ते बनतं, आणि तितक्याच लवकर मोडतं. वाळवलेल्या, महिनोन् महिने पडून असलेल्या लसूण पावडरीत ते किती उरलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय मात्रा वाढली तर मांसाला लसणाचा वास लागू शकतो. रश्श्यात चालेल, पण गिऱ्हाइकाला सांगणार काय?

शेवग्याचा वाळवलेला पाला चांगला. वाळल्यावर प्रथिनं पंचवीस टक्क्यांच्या आसपास. पण तंतूही असतात, म्हणून एक-दीड टक्क्याच्या पुढे नको. सावलीत वाळवा. उन्हात वाळवलेला पाला हिरवा न राहता तपकिरी होतो, आणि ज्यासाठी घालायचा तेच त्यातून गेलेलं असतं.

कडुनिंबाबद्दल माझी स्वतःची गोष्ट. पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात पाला वाळवून दोन टक्के घातला. दुसऱ्या दिवशी फीडर अर्धे भरलेले. तिसऱ्या दिवशी पाहतो तर पक्ष्यांनी चोचीने मक्याचे कण निवडून खाल्लेले आणि हिरवी भुकटी तळाला जशीच्या तशी. कडू आहे, दुसरं काय होणार! आठवड्याचं वजन मागे पडलं ते लॉट जाईपर्यंत भरून आलं नाही. वाईट भुकटीत नव्हतं, माझ्या हातात होतं.

आता मिरची. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरचीचे गालिचे पसरलेले दिसले की कोणाच्याही डोक्यात येतं. गंमत अशी, की पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही. तिखटपणा ओळखणारी त्यांची नस कॅप्सायसिनला दाद देत नाही. पोपट मिरची खातो तो त्यामुळेच. पण पथारीवरून जी स्वस्तात मिळते ती फुटकी, पांढरी पडलेली, भिजून वाळलेली फटकी मिरची. त्यात बुरशीचं अफ्लाटॉक्सिन असण्याची भीती मोठी. कुक्कुटखाद्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. डोळ्याला दिसणार नाही इतकी. ते यकृत पोखरतं, आणि एकदा पोखरलं की मांसाचा दर्जा वगैरे बोलायचं कामच नाही. फटकी मिरची शेडच्या फाटकाच्या आत येऊ देऊ नका. तीच गोष्ट मॉन्सूनमध्ये भिजलेल्या मक्याची. आणि कोणी म्हणेल, सरकीची ढेपही वनस्पतीच आहे, घाल थोडी. तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. म्हशीच्या घमेल्यात तिची जागा आहे, ब्रॉयलरच्या फीडरमध्ये नाही.

माल तपासून घ्या

हळद शक्यतो अख्खी, सांगली किंवा वसमतकडची, घेऊन गावच्या गिरणीत दळा. पावडर घेतलीत तर पाण्याच्या ग्लासात चमचाभर टाकून न हलवता ठेवा. चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मारलेला आहे. शिसं असलेला क्रोमेट रंग हळदीत सापडतो, म्हणून हा खेळ नाही. ग्लासाच्या चाचणीत सगळी भेसळ पकडली जाते असंही नाही. एका व्यापाऱ्याकडून मी एकदा स्वस्तात पोतं उचललं होतं. रंग इतका सुंदर की फोटो काढावा. ग्लासात टाकली तर संत्र्याच्या सरबतासारखं पाणी. पोतं परत केलं, गाडीभाडं माझ्या खिशातून गेलं.

वाळवण कुरकुरीत हवं. तयार खाद्यात ओलावा ११ टक्क्यांच्या वर नको. ओली भुकटी घातलीत तर चांगल्या खाद्यालाही बुरशी लावाल. आणि दुसऱ्या पोल्ट्रीवरची वापरलेली गोणी कधीही नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नवापूरला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो पुन्हा तिथे आला. गोणी, क्रेट, चपला, पाहुणे, सगळं फाटकाबाहेर थांबवायची सवय आपल्याला इतरांपेक्षा जास्त हवी.

मिसळायचं कसं

शंभर किलो खाद्याला अर्धा किलो हळद. ती सरळ ढिगावर टाकून फावडं फिरवलं तर काही पक्ष्यांना हळदीचं लोणचं मिळेल आणि बाकीच्यांना काहीच नाही. आधी अर्धा किलो हळद एक किलो मक्याच्या भरड्यात हाताने चोळून घ्या. मग त्यात दोन किलो खाद्य, मग चार, मग आठ, असं दुपटीने वाढवत न्या. रंग सगळीकडे सारखा दिसायला लागला की तो ढीग बाकीच्या खाद्यात मिसळा आणि ताडपत्रीची चारही टोकं आळीपाळीने उचलून उलथा. पाच-सहा वेळा. घाम निघतो.

खाद्य पेलेटचं असेल तर आणखी एक कटकट. भुकटी गोळीला चिकटत नाही, गळून फीडरच्या तळाला बसते. शंभर किलोला अर्धा लिटर सोयाबीन तेल घेऊन आधी पेलेटवर शिंपडा, उलथा, मग हळद भुरभुरा. पण मग तुलनेसाठीच्या, म्हणजे हळद नसलेल्या खाद्यालाही तितकंच तेल लावायला विसरू नका. नाहीतर तुम्ही हळद तपासत नाही, तेल तपासता.

पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत मी काही देत नाही. त्यांना ऊब, पाणी आणि प्री-स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाद्य, पुरे. मांस टिकावं म्हणून द्यायचं ते विसाव्या दिवसापासून लिफ्टिंगपर्यंत, म्हणजे पक्षी उचलून नेईपर्यंत. पाण्यातून द्यायचा अर्क कोणी गळ्यात मारला असेल, तर लसोटा (राणीखेत रोगाची) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायच्या दिवशी आणि आदल्या-नंतरच्या दिवशी तो बंद. जंतू मारायचा दावा करणारी वस्तू आणि जिवंत लस एकाच पाण्यात कशाला ठेवायची? खाद्यात आधीपासून कॉक्सीचं, म्हणजे कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचं, औषध असेल तर तुम्ही काय घालताय ते पशुवैद्यकाला सांगून ठेवा.

खर्चाचं गणित

समजा हळद १५० रुपये किलो. टनाला ५ किलो म्हणजे ७५० रुपये, किलो खाद्याला ७५ पैसे. दोन किलोचा पक्षी १.६ च्या एफसीआरने ३.२ किलो खाद्य खातो. पहिल्या दिवसापासून दिलीत तर पक्ष्यामागे २ रुपये ४० पैसे. विसाव्या दिवसापासून दिलीत तर दीड ते पावणेदोन रुपये, कारण निम्म्याहून बरंच जास्त खाद्य शेवटच्या तीन आठवड्यांतच जातं. आता स्वतःला विचारा : गिऱ्हाईक हे पैसे देणार आहे का? जिवंत कोंबडी व्यापाऱ्याला वजनावर देत असाल, तर उत्तर 'नाही' आहे. व्यापारी मांसाचा सामू बघत नाही, काटा बघतो. कापून, थंड करून, दोन दिवस विकत असाल, हॉटेलला देत असाल, तर उत्तर 'कदाचित' आहे.

अर्ध्या शेडवर करून बघा

दोन लॉटची तुलना करू नका. मागच्या लॉटला हवा वेगळी, पिल्लं वेगळी, मका वेगळा. एकाच लॉटमध्ये जाळीचे सहा कप्पे करा, प्रत्येकात ३० पक्षी. तीन कप्प्यांना हळद, तीन साधे, एकाआड एक; सुरुवात कोणत्याने करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा. पंख्यासमोरचे तिन्ही कप्पे हळदीला दिलेत तर पंख्याचं श्रेय हळद घेऊन जाईल.

पक्षी कप्प्यात टाकताना वजन, दर आठवड्याला वजन, रोजचं खाद्य तोलून, मेलेल्या पक्ष्याचंही वजन वहीत. एक उदाहरण : ३० पक्षी चौदाव्या दिवशी एकूण १३.५ किलो. चाळिसाव्या दिवशी २९ पक्षी ६३.८ किलो, मधे मेलेला एक १.१ किलो. वाढ झाली ६३.८ अधिक १.१ वजा १३.५, म्हणजे ५१.४ किलो. खाद्य गेलं ८७ किलो. एफसीआर १.६९. तीन हळदीच्या कप्प्यांचे आकडे एकमेकांत जेवढे मागेपुढे असतील, त्याहून हळद आणि बिनहळद यांतला फरक मोठा असेल तरच त्याला फरक म्हणा.

कापण्याच्या दिवशी

बरीच चांगली हळद या शेवटच्या बारा तासांत मातीला मिळते. कापण्याआधी आठ ते दहा तास खाद्य बंद, पाणी चालू. पकडायचं रात्री किंवा पहाटे, दिवे मंद करून, पायांनी उलटं लोंबकळवत पळत न जाता. क्रेट खचाखच नको. दुपारी दोन वाजता धुळ्याच्या बायपासला सिग्नलवर उभी राहिलेली पक्ष्यांची गाडी तुम्ही पाहिली असेल. त्यातल्या छातीचा सामू मोजायची गरज नाही.

प्रत्येक कप्प्यातून मधल्या वजनाचे दोन-तीन पक्षी घ्या. कापल्यावर लगेच थंड पाण्यात, मग बर्फात. छाती हाडावरून लगेच उतरवू नका. तीन-चार तास हाडावर राहू द्या. ताठरपणा यायच्या आत सोडवलेली छाती आक्रसून चिवट होते.

घरच्या घरी मोजमाप

यंत्राची गरज नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हवा. जळगावात सराफ बाजाराला जाऊन आलात तर कुठे मिळतो ते कोणीही सांगेल.

पाणी सुटणं असं मोजा. छातीचा पन्नासेक ग्रॅमचा, कातडी-चरबी काढलेला तुकडा तोला, दोऱ्याला बांधून प्लास्टिकच्या पिशवीत असा लटकवा की पिशवीला कुठे टेकणार नाही. फ्रिजमध्ये २४ तास. बाहेर काढून हलकेच टिपा आणि पुन्हा तोला. ५२ ग्रॅमचा ५०.९ झाला, तर सुटलं १.१ ग्रॅम, म्हणजे २.१ टक्के. फिकट पडलेल्या मांसात हा आकडा सहज वर जातो.

शिजवल्यावरची घट : तोललेला तुकडा पिशवीत बंद करून ८० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, गार करून पुन्हा वजन. पातेल्यात थर्मामीटर ठेवा, उकळी येऊ देऊ नका. सामूसाठी दहा ग्रॅम मांस नव्वद मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात मिक्सरला फिरवून मीटर बुडवा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा दूध संकलनाच्या ओळखीत असा मीटर असतो. कागदी पट्टीवर ५.७ आणि ६ यांतला फरक डोळ्याने नीट कळत नाही.

आणि शेवटची, मला सगळ्यांत आवडणारी चाचणी चवीची. ती रश्श्यात करू नका. आपला काळा मसाला, भाजलेलं खोबरं, लसूण, वर तर्री. त्यात कोंबडीने जन्मभर काय खाल्लं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. नुसत्या मिठाच्या पाण्यात तंगड्या उकडा. तीन वाट्या. दोनांत एकाच गटाचं मांस, तिसरीत दुसऱ्या गटाचं. वाटीखाली खुणा, खाणाऱ्याला सांगायचं नाही. वेगळी वाटी कोणती, एवढंच विचारायचं. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगतोच, म्हणून दहा-बारा जणांना बसवा आणि त्यांतले निम्म्याहून जास्त बरोबर आले तरच कान टवकारा.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा ताज्या मांसात कोणालाच फरक सांगता आला नाही. आप्पांनी तर तिन्ही वाट्या रिकाम्या करून "तिन्ही बेस" असा निकाल दिला. उरलेल्या तंगड्या मी झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि चौथ्या दिवशी नुसत्या गरम करून पुन्हा त्यांच्यासमोर मांडल्या. पहिली वाटी त्यांनी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. "यामा वास मारी राह्यना." दुसरी खाल्ली. तिसरीलाही नाक मुरडलं. वाटीखालच्या खुणा बघितल्या : पहिली आणि तिसरी साध्या खाद्याची, दुसरी हळदीची. एका माणसाचं नाक, एका दिवसाचा प्रयोग. पुढच्या लॉटला मी बारा जण बोलावले, आणि आप्पांना यंदा कोणती वाटी कुठे ठेवणार ते आधी सांगितलं नाही म्हणून ते अजून रुसलेले आहेत.